पत्रकातलं दुसरं वाक्य

माणसाच्या डोक्यात वीज असते, हे मी गेली नऊ वर्षं रोज कागदावर उतरताना पाहतो. आणि रोज कुणीतरी मला विचारतं, "मंग झटका काहून नाई लागत?" लागत नाही, कारण ती फार थोडी असते, टॉर्चच्या एका सेलपेक्षा हजारो पटींनी कमी. डोक्याच्या कातडीवर चांदीच्या छोट्या टिकल्या चिकटवायच्या, त्यांच्या वायरी यंत्राला जोडायच्या. यंत्र ती वीज वाढवतं आणि तिच्या जोरावर आठ पेनं हलतात. खाली कागद सेकंदाला तीन सेंटिमीटर सरकत असतो. एवढंच माझं काम. वाचन डॉक्टरांचं, शाई भरणं माझं.

यंत्र नागपूरच्या एका बंद पडलेल्या दवाखान्यातून जुनं म्हणून आलं होतं. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. भंडाऱ्यातल्या आमच्या धर्मादाय रुग्णालयाला ते चालवणारा माणूस हवा होता आणि मला नोकरी हवी होती. त्याआधीचं माझं शिक्षण म्हणजे पवनीतल्या एका छोट्या छापखान्यात. वडील तिथे खिळे जुळवत. मी अक्षरं शिकलो ती बाराखडीच्या पुस्तकातून नव्हे, संपाच्या, मोर्च्याच्या आणि बुवाबाजीविरुद्धच्या पत्रकांच्या कच्च्या छपाईवरून. त्यामुळे मला वाक्य लिहिता येण्याआधी उद्गारचिन्ह देता येत होतं.

सहा महिने नागपूरला शिकून आलो आणि कामाला लागलो. पहिला शत्रू निघाला तेल. आमच्याकडच्या बायांच्या डोक्याला इतकं तेल असतं की टिकली टिकत नाही. मग बादली, शिकेकाई आणि मी. कारध्याची एक म्हातारी डोकं धुऊन घेता घेता म्हणाली, "माया सुनेनं कदी धुतलं नाई रे बापा, तू धुऊन रायला." पुढच्या महिन्यात काहीही होत नसताना ती पुन्हा आली.

आंधळगावचे एक दुकानदार धाकट्या भावाला दंडाला धरून घेऊन आले. म्हणाले, "याच्या डोक्यात वाटणीबद्दल का चालू हाय, ते छापून द्या."

मी म्हटलं, "यात विचार छापून येत नाहीत, शेठ. जागा आहे, झोपला आहे, की झटक्यात आहे, एवढंच कळतं."

"मंग एवढी मोठी मशीन कायले आणली?"

"आधी तुमच्या डोक्याला लावून दाखवू का?"

शेठ भावाच्या आधी बाहेर पडले.

हे यंत्र ऑपरेशन थिएटरात नेण्याचा उद्योग डॉ. कुंभलकर मॅडमचा. त्या भूलतज्ज्ञ. गावातले लोक त्यांना 'बेहोशीवाली बाई' म्हणत. ठेंगण्या, खिशात कायम फुटाणे, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांची एक तक्रार होती आणि ती खरी होती. ऑपरेशन जमलं की हार सर्जनच्या गळ्यात पडतो, पेशंट उठला नाही की बोट भूल देणारीकडे जातं. "मी माणसाला कुठवर खोल नेलंय हे मला नाडीवरून, श्वासावरून, बुबुळांवरून ओळखावं लागतं," त्या म्हणाल्या. "तुझं यंत्र सरळ मेंदूलाच विचारतं. मग ते बाहेर व्हरांड्यात काय करतंय?"

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. भुलीचं औषध हुंगवतात ते वाफेच्या रूपात. वाफ छातीत जाते, छातीतून रक्तात, रक्तातून मेंदूत. तिथे पोचून ती नेमकं काय करते हे आजही कुणाला पूर्ण ठाऊक नाही, आणि हे कबूल करणाऱ्या पहिल्या डॉक्टर मला मॅडमच भेटल्या. पण काय होतं ते दिसतं. आमच्याकडे तेव्हा ईथर होतं आणि नवं हॅलोथेनही आलं होतं. ईथर दिलं की पहिल्या काही मिनिटांत पेनं घाईघाईने बारीक थरथरतात. त्या वेळी माणूस बडबडतो, हातपाय झाडतो. एक सरपंच तर जोरजोरात भजन म्हणाले होते. मग लाटा संथ होतात, उंच होतात. आणखी औषध गेलं की लाटांचा एक झुबका येतो, मग काही सेकंद नुसती सरळ रेघ, पुन्हा झुबका. त्याहून खोल गेलं की फक्त रेघ. हॅलोथेनची वाट जरा सौम्य, पण उतार तोच.

ती सरळ रेघ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा राइस मिलचा एक मुकादम टेबलावर होता. आठही पेनं एकदम थांबली. मी ओरडलो, "मॅडम, गेला!" सर्जनचा हात हवेत थांबला. मॅडमनी मुकादमाच्या मानेवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "तो कुठे जात नाही. मीच त्याला फार खाली नेलंय." त्यांनी औषधाचं प्रमाण ठरवणारी चकती मागे फिरवली. थोड्या वेळाने एक झुबका आला, मग दुसरा, मग लाटा. मुकादम दुपारी उठला आणि चहा मागितला. त्या दिवसानंतर सर्जनसाहेबांनी माझ्या यंत्राला लाथेने बाजूला सारणं बंद केलं.

पुढे माझंच अपेंडिक्स काढायची वेळ आली तेव्हा मी हट्टाने स्वतःच्या डोक्याला वायरी लावून घेतल्या. कंपाउंडरला पेनं कशी चालवायची ते शिकवलं आणि हॅलोथेन घेऊन आडवा झालो. जागेपणापासून परत जागेपणापर्यंतचे निवडक तुकडे जोडून केलेली माझी ती पट्टी मी खोलीच्या भिंतीवर लांबच लांब चिकटवली. मॅडम म्हणाल्या, "लोक देवाचे फोटो लावतात."

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

आमच्याकडे कुणाला मिरगीचा, म्हणजे फेफऱ्याचा, झटका आला की लोक चप्पल हुंगवतात. चप्पल नसेल तर कांदा, कांदा नसेल तर जळकं फडकं. झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला जातं. माझ्याकडे येणारे निम्मे पेशंट मिरगीचे. नाकाशी चपलेचे वळ घेऊन आलेली पोरं पाहून माझं डोकं पेटलं. मी पत्रक काढलं. गुलाबी कागद, वडिलांचे खिळे, माझी आग. आठवडी बाजारांत उभं राहून मी ते वाटलं. पहिलं वाक्य होतं, 'फेफऱ्याच्या माणसाला चप्पल, कांदा, फडकं हुंगवू नका, डॉक्टरकडे न्या!' दुसरं वाक्य होतं, 'नाकाने घेतलेल्या कशानेही मेंदूवर काहीही परिणाम होत नाही!!'

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं धादांत खोटं होतं, आणि ते लिहिताना माझ्या खिशात ऑपरेशन थिएटरची किल्ली होती. रोज नाकाने घेतलेल्या औषधाने माणसं सरळ रेघेपर्यंत जाताना पाहणारा मी! पण पत्रकाला ठोका लागतो. 'काहीही' या शब्दावर ठोका चांगला बसत होता.

एका सकाळी, ओपीडी नुकतीच सुरू झाली होती, मासळीचा टेम्पो आवारात शिरला. बर्फाच्या खोक्यांमध्ये गोधडीवर अठराएक वर्षांची मुलगी होती. शेवंता तिचं नाव. पवनीकडच्या एका तलावावर मासे धरणाऱ्या ढीवर कुटुंबातली. बाप डोमाजी, आई गिरजाबाई. पहाटेपासून तिला झटक्यामागून झटका येत होता आणि मधे शुद्धच येत नव्हती. असा झटका थांबला नाही तर मेंदूच्या पेशी होरपळतात. माणूस मरतो, किंवा जगतो आणि बापाला ओळखत नाही.

एकामागून एक इंजेक्शनं झाली. अंग थोडं सैल पडे, पुन्हा ताठ होई. मी तशाच तेलकट केसांत टिकल्या बसवल्या, चिकटपट्टी आणि लेप वाट्टेल तेवढा वापरून. पेनं सुरू केली आणि आठही पेनं एकमेकांवर आदळायला लागली. काटेच काटे. शाई उडून माझ्या शर्टावर आली.

मॅडम कागद पाहत म्हणाल्या, "आता एकच उरलंय. नळी घालून श्वास आपण चालवायचा आणि हॅलोथेनने हे वादळ दाबायचं. नागपूरला न्यायला वेळ नाही. जा, सही घेऊन ये."

मी परवानगीचा कागद घेऊन बाहेर आलो आणि डोमाजीला समजावलं, की श्वासावाटे औषध देऊन तिला खोल झोपवायचं आहे. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात चार घड्या घातलेला गुलाबी कागद होता.

"भाऊ, हे तुमचंच हाय ना? बाजारात तुमीच देलं होतं."

"माझंच."

"यात का लिवलं हाय? नाकानं घेतलेल्या कशानंबी मेंदूवर काई होत नाई. मी चौथी शिकलो हावो, वाचता येते मले. मंग हे नाकाचं औषध काहून काढलं आता? गावातल्या मांत्रिकानं केलं तं अंधश्रद्धा, अन् तुमी केलं तं इलाज?"

मी तोंड उघडायच्या आत गिरजाबाई पुढे झाली. "मी तं केव्हाची म्हणून रायली, हुंगवा म्हणून! या माणसानं घरात चपलेले हात लावू देला नाई. सारा गाव हसला आमाले, पण याचं आपलं एकच, कागदात लिवलं हाय, कागदात लिवलं हाय. आणा तो कागद इकडे, मी देतो अंगठा. हुंगवा बाई, लवकर हुंगवा!"

दारात उभ्या मॅडमनी हे ऐकलं. "आईचा अंगठा चालतो. घे आणि ये."

माझ्या हातात शाईचं पॅड होतं. गिरजाबाईचा अंगठा पुढे आला होता. तो घेतला असता तर कायद्याने काम झालं असतं. पण ज्या एका माणसाने माझा शब्द मानून गावाचं हसणं सोसलं होतं, त्याला बाजूला सारून मी चपलेवरच्या श्रद्धेचा अंगठा घेणार होतो. आजवर मला बाजारात भेटलेला तो एकमेव खरा वाचक होता.

"मॅडम, पाच मिनिटं द्या."

"तीन. आणि तुझ्या तत्त्वाची किंमत तिचा मेंदू भरतोय, हे घड्याळ बघताना लक्षात ठेव."

मी डोमाजीला हाताला धरून माझ्या खोलीत नेलं. म्हटलं, "डोमाजी, पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं खोटं आहे. लिहिताना मला माहीत होतं, तरी लिहिलं. चूक तुमची नाही, माझी आहे."

 मी भिंतीवरची माझी पट्टी दाखवली. "हे माझं डोकं. इथे मी जागा. इथे औषध हुंगवलं. बघा, लाटा कशा संथ होत गेल्या."

त्याने बोट पुढे नेत नेत एका जागी थांबवलं. "इथं तं तुमी मेले दिसता."

"झोपलो. तेव्हा पोट फाडून अपेंडिक्स काढलं. मला काही कळलं नाही." मी शर्ट वर करून व्रण दाखवला. "आणि हा इथे परत जागा झालो. आता हे बघा." शेवंताच्या कागदाचा तुकडा मी शेजारी धरला. "ही तुमची पोरगी. हे काटे पहाटेपासून चालू आहेत. औषध या काट्यांना तसंच झोपवेल, जसं मला झोपवलं."

"नक्की?"

"नक्की नाही. पण दुसरं काही उरलेलं नाही."

त्याने पट्टीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "चपलेत हे औषध नसते काय?"

"चपलेत फक्त चप्पल असते, डोमाजी. वास नाकाशीच थांबतो. हे औषध छातीतून रक्तात जातं."

त्याने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. गुलाबी पत्रक टेबलावर पसरलं, दुसऱ्या वाक्यावर सरळ रेघ मारली, आणि मग परवानगीच्या कागदावर पूर्ण नाव लिहून सही केली. बाहेर येऊन बायकोला म्हणाला, "गिरजा, याचा चपलेशी काई संबंध नाई, समजलं का?"

"तुमचं तुमच्यापाशी. माई पोरगी उठली पायजे."

नळी घालायची तर अंग सैल लागतं, म्हणून मॅडमनी स्नायू ढिले करणारं इंजेक्शन दिलं. शेवंताचं अंग एका क्षणात शांत झालं. दाराच्या काचेला लागलेल्या डोमाजीने हात जोडले. "थांबलं! भाऊ, थांबलं!"

मी कागदाकडे पाहिलं आणि मान हलवली. थांबलं नव्हतं. अंग झोपलं होतं, मेंदू तसाच जळत होता. यंत्र नसतं तर आम्हीही फसलो असतो.

मॅडम एका हाताने श्वासाची पिशवी दाबत होत्या, दुसऱ्या हाताने चकती फिरवत होत्या. "सांगत राहा," त्या म्हणाल्या.

"काटे तसेच."

थोडं औषध वाढलं.

"तसेच, मॅडम."

आणखी वाढलं. सिस्टर रक्तदाब ओरडून सांगत होत्या आणि तो उतरत होता. औषध हृदयालाही दाबतं, म्हणून फार वाढवता येत नाही. सलाइन जोरात सोडलं.

"मॅडम, काट्यांमध्ये अंतर पडतंय."

"खात्रीने सांग."

"एक, दोन, तीन, चार काटे. मग संथ लाट. पुन्हा काटे. आता लाट मोठी आहे. काटे बोथट होताहेत."

पेनं आता एकमेकांवर आदळत नव्हती. लाटा उंच आणि सावकाश येऊ लागल्या. मग एक झुबका, आणि दोन सेकंद सरळ रेघ. ज्या रेघेला मी मुकादमाच्या वेळी घाबरलो होतो, तिच्याचसाठी आम्ही सगळे थांबलो होतो. मॅडम म्हणाल्या, "बस्स. इथेच धरून ठेवू."

दुपारभर तिला तिथेच धरून ठेवलं. कागद वाचवायला मी दर दहा मिनिटांनी एक मिनिट पेनं चालवायचो. पिशवी आम्ही आळीपाळीने दाबली. थोडी वाफ खोलीतही सुटते. सिस्टर जांभया देऊ लागल्या, माझं कपाळ ठणकायला लागलं, मॅडमनी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. "एकच पेशंट झोपवायचा आहे मला," त्या म्हणाल्या.

उन्हं कलल्यावर खरी परीक्षा होती. औषध काढलं की वादळ परत येतं का? मॅडमनी चकती अर्ध्यावर आणली. लाटा जवळजवळ आल्या, आणि उजव्या बाजूच्या दोन पेनांनी टोक काढलं.

"काटा!"

चकती पुन्हा वर. अर्धा तास पिशवी दाबत तिला पुन्हा तिथेच धरलं. मॅडमनी शिरेतून झटक्याच्या औषधाचा आणखी एक डोस दिला आणि पुन्हा हळूहळू चकती उतरवली. अर्ध्यावर. पावावर. शून्यावर. मी कागद न थांबवता सोडला, तो टेबलावरून खाली, जमिनीवर गोळा होत गेला. संथ लाटा, मग जरा लहान, जरा घाईच्या. काटा नाही. पाच मिनिटं नाही. वीस मिनिटं नाही. पिशवीवर मॅडमच्या हाताला उलटा ओढा जाणवला. शेवंता स्वतः श्वास घेत होती.

कुंभलकर मॅडमनी हातातलं सगळं खाली ठेवलं, खिशातले फुटाणे काढले आणि मूठभर माझ्या हातावर ठेवले. त्यांच्याकडून इतका मोठा सन्मान मला नंतर कधी मिळाला नाही.

बाहेर येऊन त्यांनी आईला एकच प्रश्न विचारला, "मिरगीच्या रोजच्या गोळ्या किती दिवस चुकल्या?"

गिरजाबाईने पदर सावरला. मग सांगून टाकलं. शेवंताला बघायला पाहुणे आले होते, चार दिवस राहिले. रोजची गोळी त्यांना दिसू नये म्हणून आईने डबी तांदळाच्या कोठीत लपवली होती. रोजची गोळी अशी एकदम तोडली की वादळ उठतं. डोमाजी ओरडेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "मीबी पाहून नाई पाह्यलं. पाहुणे जाऊ दे म्हटलं."

त्यांना काय म्हणणार? पत्रक काढायचं तर यावर काढायला हवं होतं, आणि मी ते सोडून चपलेवर ठोके देत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिकल्या सोडवायला गेलो. शेवंता जागी होती. आवाज बसलेला होता, जीभ जड होती. डोक्याला हात लावून ती म्हणाली, "हे का थापलं माया केसाइत? गोंद व्हय का?"

"लेप आहे. धुऊन देतो."

"राहू द्या. बापाले बोलवा, अन् तुमी बाहीर जा."

जिच्याबद्दल आदल्या दिवशी कुणी हमी देत नव्हतं ती बाप ओळखत होती, केस ओळखत होती आणि परक्या पुरुषाला बाहेर घालवत होती. मी व्हरांड्यात येऊन मोठ्याने हसलो. ओपीडीच्या रांगेने माझ्याकडे वळून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते पाहुणे भेटायला आले. मुलाचे वडील आणि त्याची आत्या, हातात केळी. मी तेव्हा शेवंताच्या डोक्याला पुन्हा टिकल्या लावून पलंगाशी कागदाची शेवटची पट्टी काढत होतो. विचारपूस चालली होती. "काईतरी बाधलं असन पोटात," गिरजाबाई सांगत होती. इतक्यात सिस्टर गोळी घेऊन आल्या. गिरजाबाईने ती पटकन मुठीत घेतली आणि मूठ पदराखाली नेली. डोमाजी खिडकीशी उभा होता. त्याने बायकोकडे पाहिलं, मग तो मुलीकडे बघू लागला.

शेवंताने डोक्याच्या वायरी सावरत हात पुढे केला. "आई, गोळी दे."

"घेजो ना मंग, पाहुणे बसले हायत."

"आत्ता दे. अन् पानी दे."

मूठ उघडली. शेवंताने गोळी जिभेवर ठेवली, सगळ्यांच्या देखत पाणी प्यायली, पेला खाली ठेवला. पेनं कागदावर स्वच्छ, बारीक लाटा काढत होती.

"कायची गोळी हाय, पोरी?" आत्याबाईंनी विचारलं.

"मिरगीची," शेवंता म्हणाली. "रोज घेतो मी."